फायरफॉक्सचं सेशन रिस्टोअर: अपडेटनंतर गेलेले टॅब खरंच परत येतात का

फायरफॉक्स मी खूप वर्षं वापरतोय. त्याच्याबद्दल लोक बोलतात ते बहुतेक स्पीडबद्दल नाहीतर रॅम किती खातं त्याबद्दल, म्हणून मी आज त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहे, सेशन रिस्टोअर. म्हणजे रात्री अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट झालं, सकाळी ब्राउझर उघडला तर कोरं पान आणि आधीचा एकही टॅब नाही, अशा वेळी हा ब्राउझर काय काय परत देऊ शकतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. देतो भरपूर, बऱ्याचदा सगळंच देतो, पण ते कुठे ठेवलंय हे स्वतःहून सांगत नाही, आणि आपण घाबरून दोन-चारदा बंद-चालू केलं की जे वाचलेलं असतं त्याच्यावर नवीन कोरं सेशन लिहिलं जातं.

तर ज्यांचे टॅब आजच गेलेत त्यांनी बाकीचं नंतर वाचा, आधी एवढं करा. ब्राउझर बंद करू नका, आणि बंद असेल तर उघडायची घाई करू नका. उघडा असेल तर वर उजवीकडच्या तीन रेघांच्या मेनूत हिस्टरीमध्ये जाऊन रिस्टोअर प्रीव्हियस सेशन दिसतंय का आणि ते दाबता येतंय का बघा. दाबता आलं तर प्रश्न तिथेच मिटला. ते फिकट दिसत असेल किंवा नसेलच, तर त्याच मेनूत रीसेंटली क्लोज्ड विंडोज बघा, कारण बऱ्याच वेळा मोठी विंडो आधी बंद झालेली असते आणि एखादी छोटी विंडो, कुठल्यातरी मेलमधल्या लिंकने उघडलेली, ती शेवटी बंद होते आणि मग ब्राउझर त्या छोटीलाच मागचं सेशन समजतो. मोठी विंडो या यादीत अख्खी पडलेली असते, एका क्लिकमध्ये येते. एकेक टॅबसाठी कंट्रोल शिफ्ट टी आहेच, बंद झालेली विंडो आणायला फायरफॉक्समध्ये कंट्रोल शिफ्ट एन. हे सगळं करून काहीच मिळालं नाही तर ॲड्रेस बारमध्ये अबाउट कोलन सपोर्ट (about:support) असं इंग्रजीत टाइप करा, त्या पानावर प्रोफाइल फोल्डरची, म्हणजे तुमचे टॅब, बुकमार्क, पासवर्ड ज्यात राहतात त्या फोल्डरची ओळ आहे आणि तिच्याशेजारी फोल्डर उघडायचं बटण आहे, ते दाबा, जे फोल्डर उघडेल त्यात सेशनस्टोअर बॅकअप्स नावाचं आणखी एक फोल्डर असतं, ते अख्खं कॉपी करून डेस्कटॉपवर ठेवा. बस. आता निवांत पुढचं वाचा, आता तुमच्या हातून काही बिघडणार नाही.

हे फीचर तसं जुनं आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये फायरफॉक्स २ आला तेव्हापासून ब्राउझर क्रॅश झाला तर टॅब परत आणायची सोय त्यात आतच बांधलेली आहे, आणि चुकून बंद केलेला टॅब परत उघडायची पण. आज आपण ते गृहीत धरतो. पण आतमध्ये ते कसं चालतं हे थोडं समजून घेतलं तर अडचणीच्या वेळी डोकं शांत राहतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फायरफॉक्स चालू असताना तो साधारण दर १५ सेकंदांनी तुमच्या सगळ्या विंडो, सगळे टॅब, प्रत्येक टॅबची मागे-पुढेची हिस्टरी, पान कुठपर्यंत स्क्रोल केलंय, फॉर्ममध्ये अर्धवट काय टाइप केलंय, हे सगळं एका फाइलमध्ये लिहीत असतो. त्या फाइलचं नाव रिकव्हरी, शेवटी जेसनएलझेड४ असं एक्स्टेन्शन. तिच्या आधीची प्रत रिकव्हरीच्याच नावाने बीएकेएलझेड४ म्हणून राहते. ब्राउझर तुम्ही नीट बंद केलात की हे सगळं प्रोफाइलच्या मुख्य फोल्डरमध्ये सेशनस्टोअर नावाच्या फाइलमध्ये जातं. पुढच्या वेळी उघडलात की ती सेशनस्टोअर फाइल सरकून बॅकअप्सच्या फोल्डरमध्ये प्रीव्हियस नावाने बसते. आणि आणखी एक फाइल आहे ती माझ्या मते या अख्ख्या फीचरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट, अपग्रेड. ब्राउझरचं व्हर्जन बदलल्यावर तो पहिल्यांदा उघडतो तेव्हा अपडेटच्या आधी जे सेशन होतं त्याची वेगळी प्रत काढून ठेवतो, अपग्रेड जेसनएलझेड४ आणि पुढे एक लांबलचक आकडा. अशा जास्तीत जास्त तीन प्रती ठेवतो, चौथी आली की सगळ्यात जुनी जाते.

आता यात घोळ कुठे होतो बघा. समजा रात्री तुमचे भरपूर टॅब होते, ब्राउझर बंद झाला, सकाळी कोरा उघडला. या क्षणी तुमचे टॅब प्रीव्हियसमध्ये सुखरूप आहेत. तुम्ही म्हणालात, अरे टॅब कुठे गेले, परत बंद करून चालू करून बघू. बंद केलं तर ते कोरं सेशन सेशनस्टोअरमध्ये गेलं, परत उघडलं तर तेच कोरं सेशन प्रीव्हियसमध्ये येऊन बसलं, आणि तुमचे टॅब प्रीव्हियसमधून बाहेर. म्हणजे नुकसान अपडेटने कमी आणि अपडेटनंतरच्या गडबडीने जास्त होतं. टीव्ही अडला, बंद करून चालू करा, मोबाइल अडला, बंद करून चालू करा, ही आपल्या सगळ्यांची सवय आहे आणि इथे नेमकी तीच नडते. पण अपग्रेडची प्रत या उघडझापीत बदलत नाही. ती पुढचं अपडेट येईपर्यंत तशीच आणि त्यानंतरही आणखी एक-दोन अपडेट जाईपर्यंत राहते.

याचा अनुभव मला माझ्या वहिनींच्या लॅपटॉपवर आला. वहिनी एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहेत. शिक्षकांच्या वरिष्ठ श्रेणी, निवड श्रेणीचे प्रस्ताव, वेतननिश्चिती, सेवापुस्तकातल्या त्रुटी, असलं सगळं काम त्यांच्याकडे. त्यांची पद्धत अशी की एका शिक्षकाच्या प्रस्तावाला एक विंडो, त्यात त्या केसला लागणारे सगळे जीआर एकापुढे एक उघडून ठेवायचे, कुठल्या जीआरनंतर कुठलं शुद्धिपत्रक आलं त्या क्रमाने. ज्यांनी शासनाच्या साइटवरून जीआर काढलेत त्यांना माहिती असेल, पीडीएफ उघडला की टॅबवर विषयाचं नाव येत नाही, तो सांकेतांक येतो, तारखेपासून सुरू होणारा लांबच्या लांब आकडा. त्यामुळे हिस्टरीत जाऊन शोधू म्हटलं तर तिथे नुसती आकड्यांची रांग दिसते, त्यातून वरिष्ठ श्रेणीचा कुठला आणि रजेच्या नियमाचा कुठला हे प्रत्येक उघडल्याशिवाय कळत नाही. वहिनींना जागेवरून कळतं, डावीकडून तिसरा म्हणजे अमुक. म्हणजे टॅबचा क्रम हेच त्यांचं महिनाभराचं काम होतं, आणि ते लिंकांच्या यादीने भरून निघणारं नव्हतं.

त्यांचा दुपारी फोन आला, "भाऊजी, रात्री लॅपटॉपचं अपडेट झालं आणि सकाळपासून सगळं कोरं आहे हो, मी किती वेळा बंद करून बघितलं तरी येईना." मी म्हटलं वहिनी, आता कशालाही हात लावू नका, आहे तसं राहू दे, मी संध्याकाळी येतो. गेलो, फोल्डर उघडलं. प्रीव्हियसची फाइल जेमतेम काही केबीची, रिकव्हरीची पण तेवढीच, म्हणजे दोन्हींत कोरी सेशनं. आणि खाली अपग्रेडच्या दोन फाइली, त्यातली नवीन जवळपास एक एमबीची. हे आकारमान बघायची सवय ठेवा, फाइल न उघडता तिच्यात ऐवज आहे का नाही ते त्यावरूनच कळतं. तारखेवर फार विसंबू नका, कारण अपग्रेडच्या नावातला तो लांब आकडा ते व्हर्जन फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडे कधी तयार झालं त्याचा असतो, तुमच्या मशीनवर अपडेट कधी झालं त्याचा नाही, आणि तो बघून पुष्कळ लोक म्हणतात ही जुनी फाइल आहे, आपली नाही, आणि सोडून देतात.

पुढची कृती अशी. आधी सगळी फोल्डरं डेस्कटॉपवर कॉपी. मग फायरफॉक्स पूर्ण बंद, नुसतं एका विंडोचं फुली बटण नाही, मेनूतून एक्झिट, विंडोजवर कंट्रोल शिफ्ट क्यू. पाच-दहा सेकंद थांबायचं, बंद होताना तो फाइली लिहीत असतो. मग प्रोफाइलच्या मुख्य फोल्डरमधली सेशनस्टोअर फाइल उचलून दुसरीकडे ठेवायची, डिलीट नाही करायची. मग आपल्याला हवी ती अपग्रेडची फाइल, तिची कॉपी, त्या मुख्य फोल्डरमध्ये आणायची आणि तिचं नाव बदलून सेशनस्टोअर डॉट जेसनएलझेड४ (sessionstore.jsonlz4) करायचं, शेवटचा आकडा आणि मधला डॅश काढून टाकायचा. विंडोजमध्ये इथे एक अडचण येते, एक्स्टेन्शन लपवलेली असतात, म्हणून फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सची टिक आधी लावा, नाहीतर तुम्हाला वाटेल नाव बरोबर दिलंय आणि खरं नाव वेगळंच राहील. मग फायरफॉक्स उघडायचा. होमपेज आलं तरी घाबरायचं नाही, हिस्टरीत रिस्टोअर प्रीव्हियस सेशन आता दाबता येईल.

दाबलं आणि एकामागोमाग एक विंडो उघडत गेल्या. वहिनी स्क्रीनला बोट लावून सांगत होत्या, हा इतिहासाच्या सरांचा, हा चित्रकलेच्या बाईंचा, हा निवृत्तीचा, त्याची तारीख जवळ आलीये. क्रम सगळा तसाच होता. टॅब सगळे एकदम लोड होत नाहीत, नुसती नावं येतात आणि ज्यावर क्लिक कराल तोच लोड होतो, हे मला फार आवडतं, कारण त्यांचा लॅपटॉप काही फार ताकदीचा नाही आणि एवढे पीडीएफ एकदम उघडले असते तर तो बसलाच असता. मर्यादा पण सांगतो, लॉगिन लागणाऱ्या साइटचे टॅब, शालार्थ वगैरे, ते टॅब परत आले पण आत परत लॉगिन मागितलं. ते साहजिक आहे, तिकडच्या सर्व्हरने तोवर लॉगआउट केलेलं असतं, ब्राउझर त्याला काही करू शकत नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. या सेशन फाइलमध्ये नुसते पत्ते नसतात. लॉगिनच्या कुकीज, म्हणजे तुम्ही लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या नोंदी असतात, फॉर्ममधला मजकूर असतो. त्यामुळे ही फाइल व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवून "बघ रे जरा काढून दे" असं करू नका, आणि टॅब काढून देतो म्हणणाऱ्या कुठल्याही अनोळखी साइटवर ती अपलोड करू नका. फाइल साध्या नोटपॅडमध्ये वाचता येत नाही कारण ती दाबून बसवलेली असते आणि सुरुवातीला मोझिलाची स्वतःची काही अक्षरं असतात, त्यामुळे नेहमीचं एलझेड४ उघडणारं सॉफ्टवेअरही तिला ओळखत नाही. लोक मग रिकव्हरी सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या मागे लागतात. वर सांगितलेल्या नाव बदलायच्या पद्धतीला एक रुपया लागत नाही आणि फाइल तुमच्या मशीनबाहेर जात नाही.

दुसरं म्हणजे नेमकं काय गेलंय ते आधी ओळखा. नुसते टॅब गेलेत आणि बुकमार्क, पासवर्ड जागेवर आहेत, तर प्रकरण सेशन फाइलचं आहे, वर सांगितलं तसं करा. पण बुकमार्क पण नाहीत, पासवर्ड पण नाहीत, फायरफॉक्स नुकताच घेतल्यासारखा नवाकोरा दिसतोय, तर बहुतेक काहीच गेलेलं नाही, तुम्ही दुसऱ्याच प्रोफाइलमध्ये उघडला आहात. मे २०१९ मध्ये फायरफॉक्स ६७ आला तेव्हापासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं वेगळं प्रोफाइल मिळतं, त्यामुळे कुणी नवीन फोल्डरमध्ये परत इन्स्टॉल केलं की नवं प्रोफाइल तयार होतं आणि जुनं शेजारी गुपचूप पडून राहतं. अबाउट कोलन प्रोफाइल्स (about:profiles) असं टाकलं की सगळ्या प्रोफाइल्सची यादी येते, जुनं तिथून उघडता येतं. उबंटूवाल्यांनी, २०२२ च्या एप्रिलमधल्या २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमधून येतो हे लक्षात ठेवा, त्याचं प्रोफाइल स्नॅपच्या फोल्डरमध्ये असतं आणि जुनं होम फोल्डरमध्ये डॉट मोझिलाखाली, दोन्हीकडे बघा. रिफ्रेश फायरफॉक्सचं बटण कुणी दाबलं असेल तर डेस्कटॉपवर ओल्ड फायरफॉक्स डेटा नावाचं फोल्डर आलेलं असतं, ते कचरा समजून फेकू नका, अख्खं जुनं प्रोफाइल त्यात असतं. आणि विंडोजच्या अपडेटनंतर डेस्कटॉपवरच्या फाइली, वॉलपेपर, सगळंच गायब असेल तर विंडोजने तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये घेतलंय, तिथे काहीही काम करून सेव्ह करू नका, साइन आउट करून मशीन रीस्टार्ट करा, बऱ्याचदा तेवढ्याने जागेवर येतं.

क्रोमशी तुलना करायलाच पाहिजे कारण आपल्याकडे बहुतेकांकडे तोच आहे. रोजच्या वापरात क्रोम या बाबतीत सोपा आहे, अपडेटसाठी रीलाँच दाबलं की टॅब परत येतात, फक्त इन्कॉग्निटोचे येत नाहीत, आणि बंद झालेली अख्खी विंडो हिस्टरीच्या मेनूत "इतके टॅब" अशी एका ओळीत दिसते. ती ओळ फायरफॉक्सपेक्षा चटकन नजरेत येते हे मान्य आहे. पण खोलात गेलं की फरक कळतो. क्रोमच्या डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये सेशन्स नावाचं फोल्डर आहे, त्यात सेशन आणि टॅब्स नावाच्या, पुढे आकडे असलेल्या फाइली असतात, चालू सेशनच्या आणि मागच्या सेशनच्या. अपडेटच्या आधीची म्हणून वेगळी राखून ठेवलेली प्रत तिथे नाही. वहिनींचं काम क्रोममध्ये असतं आणि इतकी उघडझाप झाली असती तर मी फोल्डरमधून काही काढून देऊ शकलो असतो असं मला वाटत नाही. गूगल खात्याने सिंक चालू असेल तर दुसऱ्या डिव्हाइसवरचे टॅब हिस्टरीत दिसतात, तो एक आधार आहे. तसा आधार फायरफॉक्सच्या सिंकमध्ये पण आहे, पण मी त्याला बॅकअप म्हणणार नाही, कारण इकडे कोरं सेशन सुरू झालं की काही वेळात तिकडेही कोरंच दिसायला लागतं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, मागचं सेशन आपोआप उघडायची सेटिंग मुळात बंद असते. सेटिंग्ज, जनरल, स्टार्टअप, तिथे ओपन प्रीव्हियस विंडोज अँड टॅब्स अशी टिक आहे. ही टिक असती तर वहिनींना माझी गरजच लागली नसती. दुसरी, अपग्रेडची प्रत काढायची इतकी चांगली कल्पना कुणीतरी विचार करून राबवली आणि तिला मेनूत एक ओळ दिली नाही. हिस्टरीमध्ये "अपडेटच्या आधीचं सेशन" असं एक बटण असतं तर फाइलींची नावं बदलायची हमाली कशाला करावी लागली असती. ज्याला एक्स्टेन्शन म्हणजे काय माहीत नाही त्याच्यासाठी ती प्रत असून नसल्यासारखी आहे, आणि असे लोकच जास्त आहेत, शाळेतले, बँकेतले, वकिलांच्या ऑफिसातले, ज्यांचं कामच टॅबवर चालतं. तिसरी, ब्राउझर बंद होताना हिस्टरी साफ करायची सेटिंग कुणी लावून दिलेली असेल तर सेशन परत येत नाही, पण हे दोन परस्परविरोधी आहेत असं ठळकपणे कुठे सांगितलेलं दिसत नाही. मशीन साफ करणारी क्लीनर सॉफ्टवेअरं पण ब्राउझरची सेशन साफ करतात, त्यांच्यातली ती टिक काढून ठेवा.

एक्स्टेन्शनबद्दल लोक नेहमी विचारतात, फाइलच्या नावातलं नाही, ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम असतात ते. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आला आणि जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं सगळी बंद पडली, त्यात सेशन सांभाळणारी काही फार चांगली एक्स्टेन्शनं गेली, जुन्या लोकांना ती अजून आठवतात. आता टॅब सेशन मॅनेजर नावाचं आहे, फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींसाठी मिळतं, ठरावीक वेळाने आपोआप सेशन सेव्ह करतं आणि प्रत्येक सेशनला नाव देता येतं. वहिनींना हेच घालून दिलंय आणि नावं त्यांनी मराठीत दिलीत, शिक्षकाच्या विषयाचं नाव आणि पुढे प्रस्तावाचा प्रकार. एकच लक्षात ठेवा, या एक्स्टेन्शनचा डेटा ब्राउझरच्या प्रोफाइलमध्येच राहतो, प्रोफाइल गेलं तर तोही गेला, म्हणून अधूनमधून एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर टाकायचं. ज्यांना एक्स्टेन्शन नको त्यांनी कंट्रोल शिफ्ट डी दाबून सगळे टॅब एका बुकमार्क फोल्डरमध्ये टाकावेत, क्रम तसाच राहतो, आणि मोठं अपडेट येणार आहे असं दिसलं की एवढं तरी कराच.

मोबाइलवर यातलं काही चालत नाही. अँड्रॉइडवर ॲपच्या आतलं फोल्डर साध्या पद्धतीने उघडता येत नाही, त्यामुळे बॅकअप फाइल शोधायचा मार्गच नाही. तिथे टॅब गेल्यासारखे वाटले तर आधी टॅबच्या यादीत इनॲक्टिव्ह टॅब्सचा खण बघा, फायरफॉक्स १४ दिवस न उघडलेले टॅब तिकडे सरकवतो आणि लोकांना वाटतं अपडेटने उडवले.

पाचपैकी चार स्टार. अपग्रेडच्या त्या प्रतीसाठी खरं तर पाच द्यायचे होते, एक कापला तो ती लपवून ठेवल्याबद्दल आणि स्टार्टअपची टिक बंद ठेवल्याबद्दल. ज्यांचं काम महिनोन् महिने उघड्या टॅबवर चालतं, प्रस्ताव, केसचे कागद, अभ्यासाचे पेपर, भाषांतर, त्यांना मी क्रोमच्या आधी फायरफॉक्स सुचवीन आणि बसवून देताना स्टार्टअपची ती टिक मीच लावून देईन. ज्यांचे चार-पाचच टॅब असतात आणि रोज नवीन, त्यांना यात काही फरक पडणार नाही, त्यांनी आहे तो ब्राउझर वापरावा. वहिनींचा निवृत्तीचा प्रस्ताव त्याच आठवड्यात वेळेत गेला, बाकीच्या विंडो अजून उघड्याच आहेत.